आधी जिना चढा

सांगलीच्या एका भगिनीनं चार पानी पत्र लिहिलंय. थोडक्यात असं: एकाच घरात खाली त्या, वर धाकटी जाऊ. सासूबाईंना इन्सुलिन टोचायचं, पथ्याचं रांधायचं, महिन्याला मिरजेला डॉक्टरांकडे न्यायचं, सगळं थोरलीवर. ‘धाकटी नोकरीचं कारण सांगते. पाच वर्षं मी तोंडातून शब्द काढला नाही. तिचा स्वभाव बदलावा म्हणून दर गुरुवारच्या प्रार्थनासभेत विनंती ठेवते. हल्ली तर ती सभेलाही येत नाही. पण आता माझीच चिडचिड वाढलीय. सहनशीलता वाढावी म्हणून उपवास धरू का?’

भगिनी, जय ख्रिस्त.

उपवास नको. ‘तोंडातून शब्द काढला नाही’ आणि ‘दर गुरुवारी विनंती ठेवते’ ही वाक्यं एकाखाली एक लिहिताना तुमचं पेन अडखळलं नाही?

शब्द काढलात की. फक्त तिच्यासमोर नाही. सभेतल्या बायकांना एव्हाना धाकटीचा स्वभाव पाठ झाला असेल. एखादी तिला मंडईत गाठून ‘आम्ही तुझ्यासाठी प्रार्थना करतोय हं’ म्हणालीही असेल. आणि ती सभेला येत नाही, हे तुम्ही तिचीच आणखी एक चूक असल्यासारखं लिहिता. कशी येईल? चुगलीला निदान उलट उत्तर देता येतं. डोळे मिटून केलेल्या चुगलीला तेही नाही, ‘आमेन’ झालं की विषय बंद.

अशा विनंत्यांना आपण बायबलातल्या याकोबाच्या पत्राचा (5:16) आधार देतो. परत वाचा. एकमेकांजवळ कबूल करायची ती आपली पातकं, जावेची नव्हेत. मत्तय 18:15 ते 17 मध्ये प्रभूनं पायऱ्याच घालून दिल्यात: आधी एकट्यानं जा, दोघांतच बोला, ऐकलं नाही तर एक-दोघांना बरोबर घ्या, तरी नाही तर मंडळी, म्हणजे सगळं चर्च. तुम्ही पहिल्या दोन सोडून थेट तिसरीवर, आणि तेही ती समोर नसताना. प्रेषित पौलानंही फिलिप्पैच्या पत्रात (4:2) दोन बायकांचा बेबनाव काढलाय. पण युवदीयेला वेगळी विनंती, सुंतुखेला वेगळी, आणि भांडण कशाचं ते अवाक्षरानं सांगितलं नाही. जवळजवळ दोन हजार वर्षं झाली, अजून कुणाला पत्ता नाही!

राहिली सहनशीलता. गलतीकरांच्या पत्रात (5:22-23) पवित्र आत्म्याच्या फळाचे नऊ गुण मोजलेत, सहनशीलता त्यातलीच. पण शब्द ‘फळ’, मूळ ग्रीकमध्येही एकवचनीच, म्हणजे नऊही एकत्रच वाढायचे. त्याच यादीत विश्वासूपणाही आहे. माणूस समोर नसताना त्याचं नाव राखणं हा विश्वासूपणाच. तो तिथं तुटलाय आणि तुम्ही इथं सहनशीलतेला खत घालताय.

येत्या शनिवारी दुपारी, भांडी आवरल्यावर, दीर घरात नसताना जिना चढून वर जा. नवऱ्याला मध्ये घालू नका, पाळकसाहेबांना बोलावू नका. मोबाइलवर लिहून तर पाठवूच नका. लिहिलेली माफी दहा वेळा वाचली जाते आणि अकराव्यांदा तिच्यात टोमणा सापडतो. हातात भडंगाची पिशवीही नको, खाऊ घेतला की माफ करणं भाग पडतं. बोलायचं एवढंच: ‘गुरुवारच्या सभेत मी तुझ्यामागं तुझ्याबद्दल बोलत आले. प्रार्थनेच्या नावाखाली बोलले. चुकलं माझं.’ इथं थांबा. ‘पण’ नको. ‘तुला वाईट वाटलं असेल तर’ नको, वाटलंच आहे. ‘केलंस ना माफ?’ असं विचारून तिला कोंडीत पकडू नका. ती भांडली तर ऐकून घ्या. तुम्हाला हवी ती सहनशीलता तिथंच, त्या दहा मिनिटांत लागणार आहे.

मिरजेचा विषय त्या दिवशी अजिबात काढू नका. बहुतेक माफ्या इथंच नासतात: माफी मागून झाली की माणूस लगेच हिशेबाला बसतो, आणि समोरच्याला वाटतं, अच्छा, यासाठी आल्या होय.

ते पंधरा दिवसांनी. तेव्हाही स्वभाव नको, काम मागा. ‘जरा मदत करत जा’ ही तक्रार झाली. ‘महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी आईंना मिरजेला तू ने. नऊला निघायचं. फाइल आणि साखरेची वही मी आदल्या रात्री काढून ठेवते’ ही विनंती. दुसऱ्या शनिवारी तिला सुट्टी असते, हे तुम्हीच तिसऱ्या पानावर लिहिलंय. पाच वर्षांत तिला हे एकदा तरी विचारलंत का? पत्रात मला कुठं दिसलं नाही. (इन्सुलिन मात्र तुमच्याकडेच राहू द्या. दोघींत वाटलं की एखादा डोस दोनदा जातो, नाहीतर दोघी एकमेकींवर विसंबतात आणि राहूनच जातो.)

शनिवारनंतरच्या पहिल्याच गुरुवारी, ज्या बायकांसमोर तिचं नाव घेतलंत त्यांच्यासमोरच म्हणा: ‘जावेची विनंती मी मागं घेते. ती इथं ठेवायला नको होती.’ कुणीतरी ‘का गं, काय झालं?’ विचारणारच. तेव्हा पुढच्या गीताचा नंबर सांगून मोकळ्या व्हा.