सही नको, काउंटर मागा

प्रश्न : माझ्या मुलीचं डी.फार्मसीचं दुसरं वर्ष नुकतंच संपलं. आता तिला 500 तासांचं प्रशिक्षण करायचं आहे. आम्ही मंगळवेढ्याला राहतो. ह्यांच्या एका मित्राचं गावात मेडिकल आहे. ते म्हणाले, ‘पोरीला कशाला उभं करता? सही-शिक्का मी देतो, ती घरी अभ्यास करू दे.’ तरी आम्ही आठवडाभर पाठवलं. तिथे तिला खोकी उचलायला आणि रॅक पुसायला लावलं, काउंटरवर काही उभं केलं नाही. रडवेली होऊन घरी आली. कॉलेजच्या सरांच्या ओळखीनं सोलापूरच्या एका ट्रस्टच्या हॉस्पिटलात सोय होऊ शकते, पण रोज एसटीनं जाणं-येणं आलं. तिला पुढे बी.फार्मसीच करायची आहे, मग एवढी धावपळ करावी का? आणि मुलीच्या जातीनं रात्री दहापर्यंत मेडिकलात थांबणं बरं दिसतं का?

उत्तर :

ताई, नमस्कार.

तुम्ही बरंच काही विचारलं आहे, पण गाडी अडली आहे ती त्या एका सहीपाशी. म्हणून आधी तिचंच बोलते. ती सही घेऊ नका.

मित्राचा हेतू वाईट नाही, हे मला कळतं. आपल्याकडे ‘सही देतो’ हे प्रेमानंच म्हटलं जातं. पण त्या फॉर्मवर फार्मासिस्ट लिहून देतो की या मुलीनं माझ्या देखरेखीखाली इतके तास काम केलं. फार्मसी कौन्सिल ऑफ इंडियाच्या 2020 च्या नियमावलीत हे प्रशिक्षण किमान 500 तासांचं आणि तीन महिन्यांहून कमी नाही असं ठरवलेलं आहे, आणि त्यातले निदान 250 तास प्रिस्क्रिप्शनप्रमाणे प्रत्यक्ष औषध देण्यात गेले पाहिजेत. म्हणजे निम्मा वेळ काउंटर. खोट्या तासांवर सही केली तर तुमच्या मुलीबरोबर त्या गृहस्थांचीही नोंदणी पणाला लागते. हे त्यांना सरळ सांगा, ते रागावणार नाहीत.

मला याहून जास्त काळजी पुढची वाटते. घरबसल्या मिळालेल्या तासांवर नोंदणी झालेली मुलं तीन-चार वर्षांनी दुसऱ्याच कुणाच्या मेडिकलला आपलं सर्टिफिकेट भाड्यानं देताना दिसतात. लायसन्सवर नाव यांचं, काउंटरवर दहावी झालेला पोरगा, आणि महिन्याला ठरलेली रक्कम घरपोच. 2012 च्या सुमारास महेश झगडे अन्न व औषध प्रशासनाचे आयुक्त असताना राज्यभर दुकानं तपासली गेली. ‘फार्मासिस्ट हजर आहे का?’ हा प्रश्न तेव्हा पहिल्यांदा इतक्या जोरात विचारला गेला. दुकानदारांनी आरडाओरडा केला, बंद पाळले. पण 1948 चा फार्मसी कायदा तेव्हाही होता, आजही आहे. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर औषध नोंदणीकृत फार्मासिस्टनं किंवा त्याच्या थेट देखरेखीखालीच दिलं पाहिजे.

आता खोक्यांचं. इथे मी थोडी दुकानदाराच्या बाजूनं बोलणार आहे, मुलीला राग आला तरी चालेल. पहिला आठवडा-दोन आठवडे खोकी उघडणं हे प्रशिक्षणच आहे, मात्र कुणी तरी ते शिकवत असेल तर. स्टॉकिस्टकडून, म्हणजे ठोक विक्रेत्याकडून माल आला की बिलावरचा बॅच नंबर गोळ्यांच्या पत्त्यावरच्या (स्ट्रिपवरच्या) नंबराशी जुळतो का, एक्सपायरी किती जवळची आहे, इन्सुलिन आणि लसी बर्फाच्या पाकिटांतून आल्या का आणि लगेच 2 ते 8 अंशांच्या फ्रिजमध्ये गेल्या का, हे पाहावं लागतं. ज्याची मुदत आधी संपते तो माल पुढे लावायचा. रॅक पुसताना कोणतं औषध कुठे बसतं ते हाताला कळतं, आणि संध्याकाळच्या गर्दीत हेच कामी येतं. मेटफॉर्मिन 500 आणि मेट्रोनिडाझोल 500 हे एकाच खणात शेजारी नसावेत, ही गोष्ट पुस्तकात एका ओळीत येते आणि रॅक लावणाऱ्याला जन्मभर लक्षात राहते. पण चौथ्या आठवड्यातही खोकीच उचलत असेल, तर तिला फुकटची पोऱ्या म्हणून ठेवलंय असं समजा आणि जागा बदला.

काउंटरवर काय मिळतं ते एका प्रसंगावरून सांगते. माझ्याकडे सल्ल्याला आलेल्या एका विद्यार्थिनीनं तिच्या प्रशिक्षणातली हकिकत सांगितली होती. एक आजोबा इन्सुलिनची बाटली घ्यायला आले. डॉक्टरांनी 20 युनिट सांगितलेले, आजोबा इमानेइतबारे टोचत होते, तरी साखर खाली येत नव्हती. तिनं सहज विचारलं, ‘आजोबा, सुई कुठली वापरता?’ त्यांनी पिशवीतून नारिंगी टोपणाची सिरिंज काढली. आपल्याकडे बाटलीतलं इन्सुलिन बहुतेक 40 युनिट प्रति मिलिलिटरचं असतं आणि त्याची सिरिंज लाल टोपणाची. नारिंगी टोपणाची सिरिंज 100 युनिटच्या इन्सुलिनसाठी असते. त्या सिरिंजवर 20 च्या रेघेपर्यंत भरलं तर 40 च्या बाटलीतून जेमतेम 8 युनिट अंगात जातात. उलट गफलत झाली, म्हणजे 100 चं इन्सुलिन लाल टोपणाच्या सिरिंजमध्ये भरलं, तर अडीच पट डोस जातो आणि माणूस बेशुद्ध पडू शकतो. गावात लाल टोपणाच्या सिरिंजा संपल्या होत्या म्हणून कुणी तरी ‘हीच घ्या, चालतंय’ म्हणून दिली होती. या मुलीनं हे दोन्ही आकडे वर्गात पाठ केले होते. पण प्रश्न विचारायचा असतो हे तिला काउंटरवर उमगलं.

असे प्रसंग रोज येतात. लहान मुलाचं अँटिबायोटिक ड्राय सिरप घ्या. आई घरी जाऊन खुणेपर्यंत पाणी ओतते, हलवते, पावडर विरघळली की पातळी खाली जाते आणि ती तशीच राहते. पुन्हा खुणेपर्यंत उकळून गार केलेलं पाणी घालायचं असतं, नाही तर प्रत्येक चमच्यात औषध जास्त जातं. सांधेदुखीसाठी दिलेली मेथोट्रेक्सेटची गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. ती रोज घेतल्यानं माणसं दगावली आहेत. त्या पाकिटावर ‘फक्त सोमवारी’ असं मराठीत ठळक लिहून, समोरच्या माणसाकडून वदवून घेणं हे फार्मासिस्टचं काम. स्टिरॉइडचा इनहेलर घेतल्यावर चूळ भरायची. थायरॉइडची गोळी उपाशीपोटी. गोळ्यांचा पत्ता कापून द्यायचा तर बॅच आणि एक्सपायरी छापलेली बाजू दुकानात उरली पाहिजे. ‘दोन दोन’ आणि ‘एक एक’ यांतला फरक सासूबाईंना समजावताना तुमच्या मुलीचं फार्माकॉलॉजी पक्कं होईल, तेही माणदेशी बोलीत.

तिला चुकीच्या गोष्टीही दिसतील. चिठ्ठीशिवाय सेफिक्झिम मागणारे येतील आणि काही दुकानांत ते मिळेलही. हे अँटिबायोटिक शेड्यूल एच-1 मध्ये, म्हणजे चिठ्ठीशिवाय न देण्याच्या औषधांच्या जास्त कडक यादीत येतं. 2014 पासून या यादीतल्या औषधांसाठी वेगळं रजिस्टर ठेवावं लागतं, त्यात डॉक्टर, रुग्ण, औषध आणि किती दिलं ते लिहून ते तीन वर्षं जपावं लागतं. टीबीची औषधंही याच यादीत आहेत, आणि टीबीच्या रुग्णाची माहिती सरकारला कळवणं 2018 पासून केमिस्टलाही बंधनकारक आहे. चिठ्ठीवरचा ब्रँड नसला की ‘सबस्टिट्यूट’ देण्याची सवय तर सर्रास आहे, पण शेड्यूल एच आणि एक्स या चिठ्ठीवरच द्यायच्या याद्यांतल्या औषधांत डॉक्टरांना न विचारता ब्रँड बदलायला नियमांत परवानगी नाही. हे सगळं पाहून मुलीनं दुकानात भांडण काढू नये, ती तिथे इन्स्पेक्टर म्हणून गेलेली नाही. तिनं एवढंच करावं : जे पटत नाही ते स्वतःच्या हातानं देऊ नये, ‘सर, हे तुम्हीच द्या’ म्हणावं, आणि संध्याकाळी वहीत लिहावं. रोज चार-पाच चिठ्ठ्या लिहिल्या तरी पुरे. ब्रँड, त्यातलं औषध, कशासाठी दिलं असावं, डोस बरोबर वाटतो का, आणि काय कळलं नाही. रुग्णाचं नाव मात्र वहीत कधीच नको.

हॉस्पिटलमधलं शिक्षण वेगळ्या जातीचं आहे. मेडिकलात माणूस समोर असतो आणि त्याची फाइल नसते. हॉस्पिटलात फाइल असते, माणूस वर वॉर्डात. तिथे इंडेंट, म्हणजे वॉर्डाची औषधांची मागणी कशी येते, कोणत्या वॉर्डात कोणता साठा ठेवतात, इमर्जन्सी ट्रेमधली औषधं कोण तपासतं, मॉर्फिनसारखी औषधं कुलपात का असतात आणि वापरलेल्या प्रत्येक अँप्युलचा हिशेब कसा लागतो, हे पाहायला मिळतं. पोटॅशियम क्लोराइडचं तीव्र इंजेक्शन वॉर्डाच्या कपाटात सहज हाताशी ठेवू नये, याचं कारण तिथली नर्स जितकं नीट सांगेल तितकं कुठलंही पुस्तक सांगणार नाही. औषधाची रिॲक्शन आली तर तीही नुसती ‘ॲलर्जी’ म्हणून सोडून द्यायची नसते. ती कळवण्यासाठी 2010 पासून देशभर फार्माकोव्हिजिलन्स, म्हणजे औषधांच्या दुष्परिणामांवर लक्ष ठेवण्याचा कार्यक्रम चालू आहे, त्याचा एक फॉर्म आहे, आणि तो फार्मासिस्टही भरू शकतो. तिनं एखादा फॉर्म भरताना पाहिला, तरी सोलापूरचं भाडं वसूल झालं असं मी समजेन. एक गोष्ट स्पष्ट सांगते : डॉक्टरांबरोबर राउंडला जाणं आणि औषधयोजनेवर सल्ला देणं ही कामं मोठ्या हॉस्पिटलांत सहसा सहा वर्षांची फार्म.डी. केलेल्यांकडे असतात. डी.फार्मसीवाल्या मुलीला बहुतेक ओपीडीच्या खिडकीवर आणि स्टोअरमध्येच ठेवतील. त्यात कमीपणा नाही. जिल्हा परिषदेत किंवा आरोग्य विभागात औषध निर्माण अधिकारी व्हायचं झालं, तर रोजचं काम हेच.

म्हणून माझं मत असं : दोन्ही करावं, आणि आधी मेडिकल. नियमात एकापेक्षा जास्त ठिकाणी प्रशिक्षण घेता येतं. पहिला दीड महिना मंगळवेढ्यात काढला की ब्रँडची नावं, चिठ्ठ्यांची अक्षरं आणि लोकांशी बोलणं अंगवळणी पडेल. मग सोलापूरला गेली तर ती तिथे गोंधळून जाणार नाही, आणि एसटीची दगदगही निम्मीच राहील. सरळ हॉस्पिटलात पाठवलेली मुलं पहिले काही आठवडे नुसती भिंतीला टेकून उभी असतात, असा माझा अनुभव आहे.

रात्री दहाचा प्रश्न हिशेबानं सुटतो. तीन महिने, रविवार सोडून, म्हणजे साधारण 78 दिवस. 500 तासांसाठी रोज साडेसहा तास पुरतात. सकाळी दहा ते दुपारी साडेचार ही वेळ ठेवा. फक्त आठवड्यातून दोन-तीन दिवस दुपारी उशिरा जाऊन साडेआठपर्यंत थांबू द्या, कारण डॉक्टरांची संध्याकाळची ओपीडी सुटते तेव्हाच खऱ्या चिठ्ठ्या येतात. त्या दिवशी वडिलांनी आणायला जावं. बरं दिसण्याचं म्हणाल, तर ज्या काउंटरमागे बाई उभी असते तिथे गावातल्या बायका पाळीच्या, गर्भनिरोधकाच्या गोळ्यांबद्दल मोकळेपणानं विचारतात. मंगळवेढ्यात तशी सोय किती दुकानांत आहे, ते तुम्हीच सांगा.

बी.फार्मसीच्या थेट दुसऱ्या वर्षाला जायचं असेल तर अवश्य जाऊ दे, राज्य सीईटी कक्षाच्या तारखांवर लक्ष ठेवा. पण डी.फार्मसीवर फार्मासिस्ट म्हणून नोंदणी हवी तर हे प्रशिक्षण चुकत नाही. शिवाय 2022 च्या नियमांनी डी.फार्मसीनंतर नोंदणीसाठी एक्झिट परीक्षा आणली आहे, तीन पेपर, प्रत्येकात किमान 50 टक्के. तिच्या बॅचला ती कशी लागू होते ते कॉलेजात विचारून घ्या. त्यात कायदा, हॉस्पिटल फार्मसी आणि औषध दुकानाचं व्यवस्थापन हेही विषय आहेत, म्हणजे घरी बसून ज्याचा अभ्यास करायचा म्हणता तोच काउंटरवर उभा आहे.

मित्राकडे या वेळी मुलीला एकटं पाठवू नका, तुम्ही दोघं सोबत जा. त्यांना म्हणा, ‘भाऊ, सही नको, हिला काउंटरवर तुमच्या शेजारी उभं करा. पहिले दोन आठवडे मालाचं काम करेल, तिसऱ्यापासून चिठ्ठी तिनं वाचायची आणि औषध तुम्ही तपासून द्यायचं.’ नोंदणीकृत फार्मासिस्ट ते स्वतः आहेत की दुसरं कुणी, आणि तो माणूस दिवसातून किती तास दुकानात असतो, हेही तिथेच विचारा. तो नसतोच असं कळलं, तर चहा घेऊन उठा आणि गावातलं दुसरं मेडिकल बघा. होकार मिळाला तर सुरुवात करण्याआधी दोन्ही जागांची नावं घालून कॉलेजची लेखी मंजुरी घ्या, आणि हजेरीचा तक्ता पहिल्या दिवसापासून रोजच्या रोज भरायला सांगा.