लायसन्सला मराठीत काय म्हणायचं: परवाना, अनुज्ञप्ती की रजा?

एका कॉलेजच्या ग्रंथपाल ताईंनी विचारलंय की वार्षिक अहवालात ई-जर्नल्सच्या, म्हणजे इंटरनेटवर वाचायच्या संशोधन-नियतकालिकांच्या, लायसन्सला 'परवाना' लिहू का 'अनुज्ञप्ती'. आणि त्याच प्रश्नात जाता जाता लिहिलंय, 'यंदा आम्ही बरीच ई-जर्नल्स विकत घेतली.'

ताई, परवान्याचं नंतर बघू, आधी ते 'विकत घेतली' खोडा. मीटिंगांत, भाषणांत, अहवालांत हे ऐकून ऐकून माझं डोकं उठलंय. २५ नोव्हेंबर २०२४ ला केंद्राने 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' ही सरकारी शिक्षण-संशोधन संस्थांना जर्नल्स वाचायला देणारी योजना मंजूर केली, २०२५ ते २०२७ अशी ३ वर्षं, ६००० कोटी रुपये, ३० प्रकाशक, जवळजवळ १३,००० जर्नल्स, तेव्हाही आमच्या ग्रुपवर 'सरकारने सगळी जर्नल्स विकत घेतली' असेच मेसेज फिरत होते. अहो, नावातच सबस्क्रिप्शन आहे, म्हणजे वर्गणी. मुदत संपेल तेव्हा परत बोलणी.

विकत घेतलेली वस्तू घरात राहते. छापील जर्नलची वर्गणी २० वर्षांपूर्वी बंद केलेली असली तरी तोवरचे अंक बाइंडिंग करून रॅकवर असतात, लाल कापडी पुठ्ठा, पाठीवर सोनेरी अक्षरांत वर्ष, धूळ झटका आणि वाचा. ई-जर्नलचं तसं नाही. माझ्या समोरची गोष्ट आहे, पीएचडीची एक मुलगी वहीत लेखाचं नाव, खंड, पान नंबर सगळं व्यवस्थित लिहून आली होती, डिसेंबरात तिने तोच लेख त्याच कॉम्प्युटरवर वाचलेला, आणि जानेवारीत तिथे पैसे भरायची खिडकी उघडली. ज्या वर्षाचे पैसे लायब्ररीने भरले होते त्याच वर्षाचा लेख! करारात कायमच्या वापराचं कलम नव्हतं, बस.

आता शब्द. परवाना फारसी, मूळ अर्थ लेखी हुकूम. अनुज्ञप्ती संस्कृत, अर्थाला चोख. आरटीओत दोन्ही चालतात पण वेगवेगळ्या कामाला, तिथे लायसन्स म्हणजे अनुज्ञप्ती आणि परमिट म्हणजे परवाना. पण 'परवाना परका म्हणून टाका' असं जे शुद्धिवाले सांगतात ते मला अजिबात पटत नाही. मग अर्ज, तारीख, कागद, शाई, सही हेही टाका आणि कशावर काय लिहिता ते दाखवा. शिकाऊ अनुज्ञप्ती फॉर्मवर लिहिणारा माणूस घरी येऊन 'लायसन मिळालं' असंच सांगतो.

पण खरी गंमत या दोन्हींत नाहीच, ती आपल्या मुंबई-पुण्याच्या 'लीव्ह अँड लायसन्स'मध्ये आहे. अकरा महिन्यांचा करार आपण सगळ्यांनीच केलाय. बहुतेकांना वाटतं यातलं लीव्ह म्हणजे सोडून जाणं, मुदत संपली की खोली सोडा. चूक! हे लीव्ह म्हणजे परवानगी, आणि ते सोडून जाण्याच्या लीव्हपेक्षा मुळातच वेगळं आहे. सोडण्याच्या लीव्हचं मूळ आपल्या 'लेप'च्या घराण्यातलं, चिकटणं, मागे राहणं. परवानगीच्या लीव्हचं मूळ मात्र लव्हच्या घराण्यातलं, आणि त्याच घराण्यातला संस्कृत धातू लुभ्, म्हणजे आपला लोभ. पत्राच्या शेवटी 'लोभ असावा' लिहितो ना, तोच. मर्जी असली की परवानगी मिळते, असा तो अर्थ सरकलाय.

आणि मराठीत हुबेहूब हाच प्रवास 'रजा'ने केलाय! अरबी मूळ, अर्थ संमती, मर्जी. राजी त्यातलाच, राजीनामा त्यातलाच. 'बरंय, रजा घेतो' म्हणून उठणारा माणूस सुट्टी टाकत नसतो, जायची परवानगी मागत असतो. ऑफिसातली रजा नंतरची. तेव्हा माझं कित्येक वर्षांचं म्हणणं आहे की या ई-जर्नलच्या कराराला 'रजा-करार' म्हणावं. कोशवाले ऐकत नाहीत, म्हणतात रजेचा तो अर्थ मेला. मेला कसा, रोज निरोप घेताना बोलता की!

कायद्यानेही हेच जुळतं. १८८२ च्या ईझमेंट्स अ‍ॅक्टच्या कलम ५२ प्रमाणे लायसन्सने मालमत्तेत कसलाही हक्क मिळत नाही, एरवी जे करणं बेकायदा ठरलं असतं ते करायची मोकळीक मिळते एवढंच. तो कायदा जमीन-घरांचा आहे हे मला ठाऊक आहे, पण जर्नलच्या करारात तरी दुसरं काय असतं? अमक्या आयपी पत्त्यांवरून, म्हणजे कॉलेजच्याच इंटरनेटवरून, तमक्या विद्यार्थ्यांनी वाचायचं, बाहेरून येऊन बसणाऱ्याला चालेल का नाही ते वेगळं कलम, एकगठ्ठा डाउनलोड करायचं नाही. घरमालकाच्या अटीच आहेत या, खिळे ठोकू नका, पाहुणे ठेवू नका.

ताई, तुम्ही अहवालात 'परवाना' लिहा, कोणी अडवणार नाही. फक्त लिहिण्याआधी एकेका प्रकाशकाचा करार काढून कायमच्या वापराचं कलम आहे का ते बघा आणि ज्यांत आहे त्यांच्यापुढे पेन्सिलीने खूण करा. तेवढ्यांच्या बाबतीत 'घेतली' लिहिलंत तर मी चालवून घेईन. 'विकत' मात्र तिथेही नको.