उंदराचं एक जनुक बंद करून स्मरणशक्तीचं काय कळतं?

"जनुक बंद केलेला उंदीर शिकलेलं विसरला, की ते जनुक स्मरणशक्तीचं ठरवतात. हे पटण्यासारखं आहे का?" असं तुम्ही विचारलंय. नुसतं एवढ्यावर नाही. यात मी स्वतः एकदा चांगलीच तोंडघशी पडले आहे, म्हणून लिहिते.

सुरुवात नागपुरातच झाली, एका फार्मसी कॉलेजच्या अॅनिमल हाऊसमध्ये. उंदीर साधेच होते. औषध टोचून त्यांची स्मरणशक्ती तात्पुरती बिघडवायची आणि हौदात परीक्षा घ्यायची. गोल हौद, दुधाची पावडर घालून गढूळ केलेलं पाणी आणि त्याखाली जेमतेम बुडालेला प्लॅटफॉर्म. भिंतीवरच्या खुणांवरून उंदरानं तो शोधायचा. मेंदूशास्त्रज्ञ रिचर्ड मॉरिस यांची १९८१ मधली ही पद्धत; त्यात नागपूरचा मे महिना धरलेला नाही. टाकीचं पाणी नळाला कढत यायचं, आणि कोमट पाण्यात उंदीर शोधाशोधीच्या फंदात पडत नाही. आमचे अटेंडंट काका बघून म्हणाले, "मॅडम, हे पोहून नाही राहिले, तरंगून राहिले!" मग रोज बर्फाची लादी आणून पाणी २२ अंशांवर न्यायचो. कागदावर मात्र तरंगणारा उंदीर विसरभोळाच दिसतो.

पुढे बंगळुरूला जनुक बदललेले उंदीर हाताखाली आले. शेपटीचं टोक कापून पीसीआर (डीएनएची चाचणी) करायचा, पिल्लाचं जनुक गेलंय का ते बघायचं. आमचे 'बंद' उंदीर हौदात कडेकडेनं फिरत राहिले, तुलनेचे उंदीर चौथ्या दिवशी सरळ प्लॅटफॉर्मवर. आम्ही खूश! पाच महिने गेल्यावर एका सिनिअरनं विचारलं, "यांना दिसतं ना?" प्लॅटफॉर्म पाण्यावर काढला, वर झेंडी लावली. तरी कडेकडेनंच. बदललेले उंदीर पांढरे, एफव्हीबी जातीचे. त्या जातीचा डोळ्याचा पडदा जन्मजात दोषामुळे महिन्याभरातच निकामी होतो. तुलनेचे होते काळे, धडधाकट डोळ्यांचे. पहिल्याच आठवड्यात झेंडी लावली असती तर! तेव्हापासून तुलनेला त्याच वेतातली भावंडं घेते.

नीट केलेलं काम कसं असतं? १९९२ मध्ये अल्सिनो सिल्वा आणि सुसुमु तोनेगावा या संशोधकांनी अल्फा-सीएएमकेटू हे एन्झाइम नसलेले उंदीर तयार केले. त्यांना जागा लक्षात ठेवणं जड गेलं. पण तिथे जनुक गर्भापासून, अख्ख्या शरीरातून गायब होतं. घर बांधतानाच वायर टाकली नसेल, तर आज दिवा का लागत नाही याचं उत्तर अवघड होतं. म्हणून १९९६ मध्ये तोनेगावांच्याच प्रयोगशाळेनं एनएमडीए रिसेप्टरचं (चेतापेशीवरच्या, संदेश झेलणाऱ्या एका प्रथिनाचं) जनुक फक्त हिप्पोकॅम्पसच्या, म्हणजे मेंदूतल्या आठवणींशी निगडित भागाच्या, सीए-१ या पट्ट्यात काढलं, तेही जन्मानंतर साधारण तिसऱ्या आठवड्यात. उंदीर जागा शिकण्यात मागे पडले, पण ज्यात जागा लक्षात ठेवावी लागत नाही ते बरोबर शिकले. माझ्या मते सगळं वजन या शेवटच्या वाक्यात आहे.

आता तर जनुक बदलतात ते बहुतेक वेळा पेशीला मूठ लावण्यासाठी, म्हणजे ती हवी तेव्हा चालवता यावी म्हणून. २०१३ मध्ये तोनेगावांच्याच गटानं एका खोलीत फिरताना जाग्या झालेल्या पेशींमध्ये शेवाळातलं, प्रकाशानं चालू होणारं प्रथिन बसवलं. मग दुसऱ्या खोलीत त्या पेशींवर प्रकाश टाकत पायाला झटका दिला. उंदीर परत पहिल्या खोलीत सोडला तर तिथे भीतीनं थिजला. वास्तविक तिथे त्याला कधीच काही झालं नव्हतं. मला अजूनही हे वाचून अंगावर काटा येतो.

माणसापर्यंतचं अंतर मात्र मोठं आहे. उंदराच्या मेंदूत सुमारे ७ कोटी चेतापेशी, आपल्या मेंदूत ८६०० कोटी. माणसाचं सदोष जनुक घातलेल्या उंदरांत अल्झायमरसारखे अमायलॉइड या प्रथिनाचे थर साचतात, पण माणसात मरतात तितक्या चेतापेशी बहुतेक मरत नाहीत. अशा उंदरांना सुधारणारी कितीतरी औषधं माणसांत आपटली आहेत. माझी आई मामासाठी पेपरातली कात्रणं कापून ठेवते. 'उंदरांवर प्रयोग यशस्वी' एवढं वाचलं की मी ते कात्रण तिला न दुखावता परत टेबलावर ठेवते.