थंडीत ट्रॅक्टर सुरू होत नसेल तर आधी धूर बघा

तुमचा प्रश्न असा: पहाटे द्राक्षबागेत फवारणीला निघताना ट्रॅक्टर उचलतच नाही, शेजारी म्हणतात डिझेल गोठलं, दुकानदार म्हणतो ईथरचा (झटकन पेटणाऱ्या द्रवाचा) स्प्रे हवेच्या नळीत मारा. नक्की करायचं काय?

मीही निफाड तालुक्यातलाच. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात पारा 4-5 अंशांवर आल्याची बातमी येते, त्या दिवशी आमच्या गल्लीतही हेच चालतं.

बॅटरी, पंप, काहीही खोलायच्या आधी एक करा. स्टार्टर मारताना घरातल्या कुणाला तरी सायलेन्सरकडे बघत उभं करा. धूर अजिबात नसेल तर डिझेल इंजिनापर्यंत पोचतच नाही. फिल्टर चोंदलाय किंवा लाइनीत एअर आलीय, एअर काढा. पांढरा, डोळ्यांना झोंबणारा धूर येत असेल तर डिझेल पोचतंय, पण पेटत नाही. ही दोन वेगळी दुखणी आहेत, आणि लोक एकाचं औषध दुसऱ्याला देतात.

थंडीत बहुतेक वेळा धूर पांढराच असतो. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. पिस्टन हवा सोळा-अठरा पट दाबतो, त्या दाबानेच ती पाचशे अंशांच्या आसपास तापते आणि त्यात उडालेलं डिझेल पेटतं. पहाटे हेड-ब्लॉकचं लोखंड गारठलेलं असतं, ते ही उष्णता ओढून घेतं. शिवाय ऑइल घट्ट आणि बॅटरी मंद, म्हणून इंजिन सावकाश फिरतं. सावकाश फिरलं की पिस्टनभोवतीच्या रिंगांच्या फटीतून दाब निसटतो. म्हणजे इंजिनाला हवा असतो वेग.

हे मी वडिलांकडे बघून शिकलो. विहिरीवर हँडलचं इंजिन होतं. वडील आधी खटका उचलून वॉल्व्ह मोकळा ठेवायचे, म्हणजे आत दाब धरत नाही आणि हँडल हलकं फिरतं, दोन्ही हातांनी हँडल फिरवून फ्लायव्हीलला वेग आणायचे आणि मगच खटका सोडायचे. फार गारठा असला तर हवेच्या तोंडातून चमचाभर ऑइल आत सोडायचे. त्याने रिंगांभोवतीची फट भरते, दाब धरतो. मग एक जड 'धक्' आवाज, आणि विहिरीच्या काठावर धुराचा गोळा. तो चमचा तेवढ्याच कामासाठी खिळ्याला टांगलेला असे.

तुमच्या ट्रॅक्टरला वेग द्यायचा म्हणजे करंट पूर्ण पोचायला हवा. दोन वर्षांपूर्वी मी नवी बॅटरी बसवली, तरी तीच रड. शेवटी चेसिसला जोडलेली अर्थिंगची पट्टी काढली, तर नटाखाली नुसता गंज. पॉलिश पेपरने घासून परत आवळली आणि इंजिन पहिल्या झटक्यात उचललं. बॅटरीच्या टर्मिनलवरची पांढरी बुरशीही खायच्या सोड्याच्या कोमट पाण्याने धुवा, पण पाणी बॅटरीच्या आत जाऊ देऊ नका. गिअर न्यूट्रल करून क्लच पूर्ण दाबा, म्हणजे गिअरबॉक्समधल्या घट्ट ऑइलचा भार स्टार्टरवर पडत नाही. दहा सेकंदांपेक्षा जास्त स्टार्टर मारू नका. मध्ये मिनिटभर थांबा, बॅटरी सावरते. पिकअप किंवा जीप असेल तर हीटर प्लगचा (सुरू करण्याआधी इंजिन आतून तापवणाऱ्या प्लगचा) दिवा विझेपर्यंत चावी पुढे फिरवायची नाही.

डिझेल गोठतं हे खोटं नाही. त्यात मेण असतं, थंडीत ते साकळतं आणि फिल्टर बंद करतं. लडाखसाठी म्हणूनच इंडियन ऑइलने 2019 मध्ये उणे 33 अंशांपर्यंत वाहतं राहणारं डिझेल आणलं. आपल्याकडे टाकीतलं डिझेल थिजून गोळा होण्याइतकी थंडी नसते. पण मे महिन्यात भरलेला ड्रम आत्ता वापरत असाल तर तो बाजूला ठेवा. वाहायचं थांबण्याची मर्यादा मानकात उन्हाळी डिझेलला 15 अंश आणि हिवाळी डिझेलला 3 अंश आहे, त्यामुळे ताजं डिझेलच भरा.

ईथर मात्र नकोच, हे मी हात जोडून सांगतो. पिस्टन वर पोचायच्या आत ते भडकतं, त्याने रिंगा तुटतात, पिस्टन फुटतो. हीटर प्लगवाल्या इंजिनात तर ते हवेच्या नळीतच पेट घेऊ शकतं. वाटलंच तर केटलीभर गरम पाणी फडक्यावरून इनलेटच्या, म्हणजे हवा आत नेणाऱ्या, नळीवर बाहेरून सावकाश ओता, वायरिंग सांभाळून.

उद्या पहाटे धुराचा रंग बघा आणि इथेच लिहा. ट्रॅक्टर किती तास चाललाय आणि इंजिनात कोणत्या ग्रेडचं ऑइल आहे तेही सांगा, मग पुढचं बघू.