कलमे गहाण टाकण्यापूर्वी

जैवरसायनशास्त्रात एम.एस्सी. झाल्यावर पेशींमधील संदेशवहनावर संशोधन करायचे आहे, तर वडिलांची देवगडची हापूसची बाग तारण ठेवून ब्रिटनमध्ये आणखी एक वर्षाची पदव्युत्तर पदवी घ्यावी का, असे तुम्ही विचारले आहे. मूळचा वेंगुर्ल्याचा आणि आता स्कॉटलंडमधील डंडीत याच विषयात काम करणारा म्हणून स्पष्ट सांगतो, घेऊ नये.

या शाखेतील पीएच.डी. स्वतःच्या पैशाने करायची नसते. अमेरिकेत शुल्क माफ होऊन विद्यावेतन मिळते, पदवीला पाच-सहा वर्षे लागतात, पण दोन-तीन प्रयोगशाळांत काम करून पाहिल्यावर मार्गदर्शक निवडता येतो. जर्मनीत बहुधा नोकरीचा करारच होतो. ब्रिटनमध्ये तीन-चार वर्षांत काम उरकते, मात्र परदेशी विद्यार्थ्यांसाठी पूर्ण अनुदानाच्या जागा थोड्या असतात.

शहराच्या नावाला भुलू नका. प्रथिनावर फॉस्फेट चढवून त्याचे काम चालू-बंद करता येते (पेशीतले संदेश बरेचदा असेच पुढे जातात), हे एडमंड फिशर आणि एडविन क्रेब्स यांनी १९५०च्या दशकात सिएटलला दाखवले (नोबेल मात्र १९९२ साली मिळाले!). फिशर यांच्या हाताखाली शिकलेले फिलिप कोहेन १९७१ मध्ये डंडीला आले आणि हे लहानसे शहर या विषयाचे मोठे केंद्र झाले.

तुमच्याकडे गुण आहेत, हाताला सवय नाही. इन्सुलिन दिल्यावर काही मिनिटांतच पेशीतल्या प्रथिनांवर फॉस्फेट चढते. पण पेशी फोडताना नळी बर्फात नसेल आणि फॉस्फेटेज, म्हणजे फॉस्फेट काढून टाकणारे विकर, रोखणारे रसायन घालायचे राहिले असेल, तर ते फॉस्फेट उतरून जाते आणि दुसऱ्या दिवशी वेस्टर्न ब्लॉटवर (नमुन्यातले ठरावीक प्रथिन पट्टीच्या रूपात दाखवणाऱ्या चाचणीत) अपेक्षित पट्टी उमटत नाही. हे पुण्याच्या आयसर किंवा एनसीसीएस या संशोधन संस्थांमध्ये किंवा खारघरच्या ॲक्ट्रेक या कर्करोग संशोधन केंद्रात प्रकल्प सहायक म्हणून वर्षभर पगार घेऊन शिकता येते, आणि तुमचे काम डोळ्यांनी पाहिलेल्या माणसाचे शिफारसपत्र परदेशी विकतच्या पदवीपेक्षा जड ठरते.

घरच्यांना एवढे मात्र आधीच सांगा, की पीएच.डी.नंतरही काही वर्षे मुदतीच्या करारांवर आणि व्हिसाच्या तारखांवर जातात आणि प्राध्यापकी थोड्यांनाच मिळते. रक्ताच्या एका कर्करोगावरील इमॅटिनिब २००१ मध्ये बाजारात आल्यापासून कायनेज (प्रथिनांवर फॉस्फेट चढवणारी विकरे) रोखणाऱ्या औषधांवर कंपन्या भरपूर काम करतात. तिकडे जाण्यात कमीपणा मानू नका.

अमेरिकेतील बहुतेक अर्ज डिसेंबरच्या सुमारास बंद होतात. पुण्याला आणि खारघरला मात्र या आठवड्यातच लिहा.