बॅरिॲट्रिक सर्जरीला (वजन कमी करायच्या पोटाच्या ऑपरेशनला) ७ महिने झाले, वजन अडकलंय, केस गळतायत, सारखं रडू येतं. माझं काही चुकलंय का?

ताई, तुमचा प्रश्न वाचला आणि पहिले आकडेच परत वाचले. वजन १२८ वरून ९७, सात महिन्यांत ३१ किलो, आणि तुम्ही विचारताय की सर्जरी वाया गेली का, का तर तीन आठवडे काटा हलला नाही म्हणून. हसू नाही आलं मला, कारण मीपण हेच विचारलं होतं, फक्त मी नवऱ्याला विचारलं आणि तोही रात्री दोनला उठवून.

माझी स्लीव्ह, म्हणजे जठर कापून लहान करायची सर्जरी, २०१८ च्या ऑगस्टमधली. सर्जरी पुण्यात, राहते सोलापुरात. वजन १२१, उंची ५ फूट २ इंच, रात्री श्वासाच्या मशीनचा मास्क लावल्याशिवाय झोप नाही, शुगर, गुडघे, सगळं पॅकेज. पॉलिसीवाल्यांनी तेव्हा हात वर केले, पीएफमधून पैसे काढले. सासरे विरोधात होते, मग कुणीतरी त्यांना सांगितलं की गडकरींनी २०११ मध्येच केलंय की हे, त्यावर एकदम तयार झाले. मी डॉक्टर नाही, बँकेत कॅश काउंटरला बसते, तर जे लिहितेय ते अंगावरून गेलेलं आणि डॉक्टर-डाएटिशियनने सांगितलेलं वहीत उतरवून ठेवलेलं आहे, एवढं धरून वाचा.

काट्याचं आधी सांगते. वजन सरळ रेषेत उतरत नाही, पायऱ्या पायऱ्यांनी उतरतं. शरीर हलकं झालं की ते चालवायला कमी खर्च लागतो, म्हणजे सुरुवातीला ज्या खाण्यावर आठवड्याला दोन किलो जात होते तेवढ्याच खाण्यावर आता कमी जाणार, त्यात पाळीच्या आधी पाणी धरतं, पोट साफ नसतं, त्यामुळे काटा अडकल्यासारखा दिसतो. माझा तिसऱ्या आठवड्यात अडकला आणि मग पाचव्या महिन्यात २४ दिवस. त्या २४ दिवसांत मी दिवसातून तीनदा वजन करायचे, संडासला जाऊन आल्यावर परत एकदा, आणि त्याच काळात शिंप्याकडे ब्लाऊज दोनदा आत घ्यायला दिले हे मला नंतर लक्षात आलं! टेप घ्या, कंबर, दंड, मांडी मोजून लिहून ठेवा, आणि वजन आठवड्यातून एकदाच, शक्यतो एकाच वारी सकाळी. काटा नवऱ्याला लपवायला सांगा हवं तर.

केस. चौथ्या महिन्यापासून माझे एवढे गळायला लागले की न्हाणीघराची जाळी तुंबायची. सर्जरीचा धक्का आणि झपाट्याने उतरणारं वजन यामुळे बरेच केस एकदम वाढायचे थांबतात आणि तीनेक महिन्यांनी गळतात, मुळं मेलेली नसतात. माझे दहाव्या महिन्यापर्यंत गळायचे थांबले आणि कपाळावर बारीक बारीक नवीन आले, अँटेनासारखे उभे. मी तेलावर आणि बायोटिनच्या गोळ्यांवर भरपूर पैसे घातले, नका घालू. त्यापेक्षा फेरीटिन, म्हणजे अंगातला लोहाचा साठा दाखवणारी रक्ताची तपासणी, करून घ्या आणि दिवसाचं प्रोटीन खरंच ६० ग्रॅम होतंय का ते एकदा प्रामाणिकपणे मोजा. वर्षानंतरही गळत राहिले तर मात्र डॉक्टरांना दाखवायचं.

प्रोटीनचं म्हणाल तर पावडरचा मला वासच सहन व्हायचा नाही. सासूबाईंनी हुलग्याचं माडगं सुरू केलं, पातळ, जिऱ्या-लसणाचं, आणि त्यावर मी अक्षरशः तरले. शंभर ग्रॅम कोरड्या हुलग्यात बावीसेक ग्रॅम प्रोटीन असतं. अर्थात तेवढे हुलगे आपल्या पोटात एका दिवसात जाणार नाहीत, म्हणून सोबत अंडं, दही, पनीर, मोड आलेली मटकी असं थोडं थोडं. आणि ताटात जे काही असेल त्यातलं प्रोटीन आधी खायचं, भात शेवटी, जागा उरली तर.

आता रडू. हे सगळ्यात मोठं आहे आणि याबद्दल सर्जरीच्या आधी कुणीच धड बोलत नाही. फॉर्मवर सह्या घेतात, काउन्सेलिंगची एक मीटिंग होते, पण मला हे कुणी सांगितलं नव्हतं की मला खाण्याची आठवण येईल, एखादं माणूस गेल्यावर येते तशी. आमच्याकडे रविवारी मटण असतं. सगळे दोन वाजता बसायचे ते तीनपर्यंत गप्पा मारत जेवायचे, आणि मी पाच मिनिटांत अर्धी वाटी संपवून बसलेली, करायचं काय आता, हात धुऊन भांडी घासायला उठायचे. नवरा एकदा म्हणाला, तू जेवायला सोबत असल्यासारखी वाटतच नाहीस. त्याने टोमणा नव्हता मारला पण मी आत जाऊन खूप रडले. आणि दुसरं म्हणजे, आधी ऑफिसात साहेब काही बोलले की येताना भजी, घरी भांडण झालं की भजी, आनंद झाला तरी भजीच. ते एकमेव औषध बंद झालं आणि आजार तसाच राहिला. मग माणूस चिडणार नाही तर काय?

त्यात लोक. "किती छान दिसतेस आता" हे ऐकून तुम्हाला वाईट वाटतं लिहिलंय, मला अगदी कळलं. आधी काय वाईट होते का मी, हा प्रश्न येतोच मनात. आणि जे छान म्हणत नाहीत ते म्हणणार चेहरा उतरला, आजारी दिसतेस, शॉर्टकट मारलास. नणंदेच्या लग्नात मला आग्रहाने पनीर वाढलं, दोन घास नीट न चावता गेले आणि अडकले, छातीत दगड बसल्यासारखं, तोंडात फेस यायला लागला, भरजरी साडी सावरत बेसिनकडे पळाले आणि मागून एक मावशी म्हणतात कशा, गोड बातमी आहे का! वय ३८ माझं तेव्हा. तेव्हापासून लग्नात मी सरळ सांगते पित्ताचा त्रास आहे, विषय संपतो. प्रत्येकाला ऑपरेशन सांगत बसायचं आपल्यावर बंधन नाही.

पण हे पण ऐका. रडू येणं समजण्यासारखं असलं तरी तुम्ही लिहिलंय सकाळी उठावंसंच वाटत नाही, हे महिनाभर चाललंय, तर ते नुसतं "होतं असं" म्हणून सोडू नका. सर्जरीनंतर डिप्रेशन येऊ शकतं, आणि सर्जनला सांगितलं तर तो समुपदेशक किंवा सायकियाट्रिस्टकडे पाठवतो. लाज वाटत असेल तर मनाच्या त्रासासाठी टेली मानसचा १४४१६ हा फोन नंबर आहे, सरकारी आहे, फुकट, मराठीत बोलता येतं. जीव नकोसा झाल्याचे विचार येत असतील तर आजच फोन करा, उद्यावर नको. मी नऊ महिने कुणाशी बोलले नाही आणि त्याचा मला अजून राग येतो स्वतःचा.

चांगलं पण सांगते, नाहीतर वाटेल ही बाई नुसती घाबरवतेय. सहाव्या महिन्यात झोपेचं मशीन माळ्यावर गेलं ते अजून तिथेच आहे. एसटीत दोघांच्या सीटवर मी आणि अजून एक माणूस बसू शकतो. तुळजापूरला देवीकडे जाताना पायऱ्या उतरायच्या असतात, त्यामुळे जाणं कधी अवघड नव्हतं, वर परत येताना मला चारदा बसायला लागायचं. २०१९ च्या कोजागिरीला सोलापुरातून चालत तुळजापूरला जातात ना, त्यात मी गेले, पंचेचाळीसेक किलोमीटर, पायाला फोड आले, सकाळी पोचले आणि दर्शन घेऊन त्या पायऱ्या न थांबता वर आले. तेव्हा वजन ७६ होतं. मला वाटलं आता जिंकलो, झालं, विषय संपला.

नाही संपला. म्हणूनच हे एवढं लांबलचक लिहितेय. स्लीव्हमध्ये जठराचा ७५ ते ८० टक्के भाग काढतात, त्यात भुकेचं घ्रेलिन नावाचं हार्मोन जिथे सगळ्यात जास्त तयार होतं तो वरचा भागही जातो, म्हणून पहिले काही महिने भूकच लागत नाही आणि आपल्याला वाटतं आपला संयम वाढला. संयम वगैरे काही नसतं. वर्ष-दीड वर्षाने भूक हळूहळू परत येते, दोन घास जास्त जायला लागतात. आणि गंमत अशी की जे अंगाला चांगलं ते अडकतं आणि जे वाईट ते सुळकन जातं. मऊ पोळी अडकते, कोरडं चिकन अडकतं, पण फरसाण, बिस्कीट, आईस्क्रीम कधी अडकल्याचं ऐकलंय?

माझी तर सोलापूरची शेंगाचटणी आणि कडक भाकरी. कडक भाकरी कुरकुरीत, नीट चावली की छान उतरते, सोबत चटणी, तेलात कालवलेली. २०२० मध्ये लॉकडाऊनमध्ये बँक चालू होती पण वेळ कमी, तीनला घरी यायचे, मग ओट्याशी उभ्या उभ्या एक तुकडा, पाचला एक तुकडा, बातम्या बघताना एक. जेवायला बसले की अर्धी वाटीच, त्यामुळे मी शपथेवर सांगायचे की माझं खाणं काहीच नाही! ७४ पर्यंत आलेली मी २०२१ संपताना ८६ वर.

आणि या काळात मी फॉलोअपला गेलेच नाही. पुण्याला कोणत्या तोंडाने जायचं, एवढे पैसे घालून परत जाडी झालीस असं म्हणतील. क्लिनिकचा फोन आला की उचलायचे नाही. व्हिटॅमिनच्या गोळ्यापण सुटल्या. पायाला मुंग्या यायच्या, जीभ लाल, जिना चढताना दम, मला वाटायचं वजन वाढलंय म्हणून. शेवटी २०२२ च्या जानेवारीत नवऱ्याने जबरदस्तीने नेलं. बी१२ तळाला, हिमोग्लोबिन ८.४. डॉक्टर एका शब्दाने रागावले नाहीत, उलट म्हणाले वजन थोडं परत येणं नेहमीचं आहे, गोळ्या का सोडल्या ते सांगा. दीड वर्ष मी ज्या बोलण्याला घाबरत होते ते बोलणं झालंच नाही. डाएटिशियनने चार दिवस तोंडात जाणारा कण न कण लिहायला लावला आणि बेरीज केली तर मधल्या वेळचं जेवणापेक्षा जास्त भरलं. मग नियम एकच ठेवला, खायचं ते ताटात घेऊन बसून खायचं, उभ्याने काही नाही. आज मी ७९-८० मध्ये असते. ७४ परत आलं नाही आणि मी त्याची वाट बघायचंही सोडलं.

बाकी थोडं पटापट. गोळ्या आयुष्यभर, केस आले म्हणून बंद नाही, आणि लोह व कॅल्शियम एकत्र घ्यायचं नाही, मध्ये दोन तास. रक्त तपासायला निदान वर्षातून एकदा, पहिल्या वर्षी जास्त वेळा, डॉक्टर सांगतील तसं. जेवताना पाणी नाही, जेवण झाल्यावर अर्धा तास थांबून, पण दिवसभर घोट घोट चालू ठेवा. २०१९ च्या मे महिन्यात सोलापूरच्या उन्हात मी ते विसरले आणि दोन दिवस सलाईनवर होते. सारख्या उलट्या होत असतील तर दोन-तीन दिवससुद्धा घरी काढू नका, थायमिन (बी१ व्हिटॅमिन) कमी होऊन मेंदूवर जातं. उजव्या बरगडीखाली दुखून पाठीत कळ गेली तर सोनोग्राफी, वजन भराभर उतरलं की पित्ताशयात खडे होतात. डोकं दुखलं म्हणून मेडिकलमधून कुठलीही पेनकिलर उचलायची नाही, विचारून घ्या. मुलाचा विचार असेल तर सर्जरीपासून किमान १२ ते १८ महिने थांबायला सांगतात, आणि वजन उतरल्यावर दिवस राहण्याची शक्यता वाढते हे लक्षात असू द्या, माझ्या ओळखीत एकीची धावपळ झालीय.

पोटावरच्या लोंबणाऱ्या कातडीबद्दल विचारलंय तुम्ही. ती व्यायामाने फारशी जात नाही, खोटं कशाला सांगू. उन्हाळ्यात घडीत पुरळ येतं, कोरडं ठेवायचं, सुती कपडा. ऑपरेशन करून काढता येते पण वजन स्थिर झाल्यावर, आत्ता नको. मी नाही काढली, पैसे मुलीच्या कॉलेजला लागले.

आणि तुमचा तो दीर, जो म्हणतो आता मार्केटमध्ये वजन उतरवायची इंजेक्शनं आलीत, उगाच पोट कापलंस. आलीत, मोंजारो २०२५ च्या मार्चमध्ये भारतात आलं. माझ्या डॉक्टरांनी मलापण सांगितलं की गरज पडली तर स्लीव्हनंतरही काही जणांना ते देतात. म्हणजे दोन्हीत भांडण नाहीये. दिराला म्हणावं तू घे.

तर या आठवड्यात एवढंच करा. सर्जनच्या क्लिनिकला फोन करून अपॉइंटमेंट घ्या, तिथे केसांबरोबर रडण्याचंही सांगा, कागदावर लिहून न्या कारण समोर गेल्यावर आपण "ठीक आहे" म्हणून मोकळे होतो. फेरीटिन, बी१२, डी३, थायरॉईड त्यांना विचारून करून घ्या. आणि रविवारी सगळ्यांसोबत ताटावर बसून राहा, संपलं तरी उठू नका. मी आता हातात ताकाची वाटी... नाही, जेवणासोबत नाही, अर्ध्या तासाने घेते. तोपर्यंत भांडी पडू देत तशीच.