एकाच वर्षाची जागा घेऊ का?

मार्चचा तिसरा आठवडा आला की मी फोन उशाशी घेऊन झोपते. अमेरिकेतल्या रेसिडेन्सीसाठी (डॉक्टरांचं तिथलं विशेष प्रशिक्षण) ‘मॅच’ झालं की नाही, म्हणजे जागा मिळाली की नाही, हे त्या सोमवारी कळतं. तिथे सकाळ, आपल्याकडे संध्याकाळ. अशाच एका सोमवारी लातूरच्या डॉक्टर मुलीचा फोन आला. (ओळखू येऊ नये म्हणून तपशील थोडे बदललेत.) परीक्षा वेळेत पास, गुण चांगले, अर्ज मेडिसिन शाखेसाठी. मॅच नाही.

“मॅडम, सोपमध्ये सर्जरीच्या प्रिलिम जागा दिसतायत. एकाच वर्षाच्या. घेतली तर वर्ष वाया जाईल का?”

मागून वडील म्हणाले, “एकदा तिकडं पाय तर टेकू दे, पुढचं पुढं बघू.”

सोप म्हणजे न भरलेल्या जागांसाठी त्याच आठवड्यात गुरुवारपर्यंत चालणारी धावपळ. सर्जरीच्या प्रिलिम जागा दरवर्षी शेकड्यांनी रिकाम्या राहतात, आणि का राहतात हे उघड आहे: वॉर्डातलं काम भरपूर, दुसऱ्या वर्षाची हमी शून्य. भूल, रेडिऑलॉजी अशा शाखांत दुसऱ्या वर्षापासूनची जागा आधीच हातात असलेल्यांना प्रिलिम ही नुसती पायरी असते. हिच्या हातात काहीच नव्हतं.

“काका, अडचण त्या ‘पुढं’चीच आहे,” मी म्हटलं. जुलैत रुजू व्हायचं आणि सप्टेंबरअखेर पुढच्या वर्षाचे अर्ज पाठवायचे. म्हणजे वर्ष नावाला. अर्जापुरते हातात तीन महिनेही नाहीत. तेवढ्यात नवीन देश, आठवड्याला ८० तासांपर्यंत ड्युटी, आणि त्यातच शिफारसपत्रं लिहितील अशी माणसं शोधायची. सांगलीचा एक मुलगा “आधी रुळतो, मग बघतो” म्हणाला होता. त्याला जाग आली नोव्हेंबरात. जूनअखेर करार संपला, पुढचा नाही म्हणून प्रशिक्षणासाठीचा जे-वन व्हिसाही संपला, आणि तीस दिवसांत सामान आवरून तो घरी परतला. भारतात त्या एका वर्षाची पदवी होत नाही. आता तो नीट-पीजीची तयारी करतोय.

हे ऐकून पलीकडे बराच वेळ शांतता. मला वाईट वाटलं, पण गोड बोलून पाठवण्यापेक्षा हे बरं.

सोपमध्ये आपण होऊन प्रोग्रामला, म्हणजे जागा देणाऱ्या रुग्णालयाला, फोन करायला बंदी असते. त्यांचा फोन आला की मात्र विचारायला लाजायचं नाही. मी तिला तीन प्रश्न कागदावर लिहायला लावले: गेल्या तीन वर्षांतले तुमचे प्रिलिम कुठे गेले? मुलाखतींसाठी सुट्टी मिळते का? मेडिसिनकडे किंवा आयसीयूत काही आठवडे काम करता येईल का? पहिल्याला एका ठिकाणी “डिपेंड्स” एवढंच उत्तर आलं. दुसऱ्या ठिकाणच्या बाईंनी एकेकाचा ठावठिकाणा सांगितला. तिथली ऑफर आली, तेव्हा ती स्वीकारायला दोनच तास होते. तिने दहा मिनिटांत घेतली.

रुजू व्हायच्या आधी तिने स्टेप थ्री, म्हणजे तिथल्या डॉक्टरी परवान्याची शेवटची परीक्षा, उरकली. ऑगस्टमध्ये आयसीयूतल्या वरिष्ठांकडे पत्र मागितलं. “इतक्या लवकर कसं मागू?” म्हणून दोनदा रडली. मी म्हटलं, रड, पण माग.

पुढच्या मार्चमध्ये मेडिसिनला मॅच झालं, दुसऱ्या गावी. सर्जरीतलं वर्ष मेडिसिनच्या तीन वर्षांत धरलं गेलं नाही, त्यामुळे पुन्हा इंटर्नच, म्हणजे पहिलं वर्ष.

वडिलांचा फोन आला. “म्हणजे मॅडम, परत पहिलीतच बसवलं की तिला!”

“हो काका. पण ही शाळा तिसरीपर्यंत आहे.”